गुलेतवरचा आठवडा: तुर्कस्तानच्या लाकडी बोटीवर पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

धक्क्यावरून बोटीवर जायला एक अरुंद फळी असते, तिला तिथे पासारेला म्हणतात. फळीच्या तोंडाशी वेताची टोपली ठेवलेली असते. त्या टोपलीत चपला-बूट काढून टाकायचे आणि अनवाणी वर चढायचं. आपल्याला यात नवल वाटत नाही, देवळात आणि घरात आपण तेच करतो. युरोपातले पाहुणे मात्र क्षणभर अडखळतात. लाकडी डेकवर वाळू आणि खडे गेले की घासून-पुसून ठेवलेली फळी चरचर कापली जाते, म्हणून हा नियम. एकदा चढलात की आठवडाभर त्या टोपलीकडे फारसं बघावंही लागत नाही.

माझ्या अशा दोन सहली झाल्या. पहिल्या वेळी बऱ्याच चुका केल्या, दुसऱ्या वेळी थोड्या कमी. त्यावरून हे लिहितोय.

आधी हे काय आहे ते समजून घ्या

गुलेत ही दोन किंवा तीन डोलकाठ्यांची, रुंद पोटाची, मागच्या बाजूला गोलाकार असलेली लाकडी बोट. लांबी साधारण 18 ते 30 मीटर, खाली चार ते आठ खोल्या, प्रत्येक खोलीला स्वतःचं न्हाणीघर. मागच्या डेकवर सावलीत मोठं जेवणाचं टेबल, पुढे उन्हात पसरलेल्या गाद्या. शब्द आला इटालियन ‘गोलेत्ता’ किंवा फ्रेंच ‘गोएलेत’ यातून, पण बोट घडली ती बोद्रुम, मार्मारिस आणि बोझबुरुनच्या किनाऱ्यांवर. मासेमारी करणाऱ्या आणि समुद्रातून स्पंज काढणाऱ्या लोकांच्या बोटी या. पुढे त्यांचीच पाहुण्यांसाठी मोठी आवृत्ती झाली. बोझबुरुनचे जुने मिस्त्री कागदावर आराखडा न काढता नजरेच्या अंदाजाने बोट उभी करत. कोकणात खाडीकाठी गलबतं बांधणाऱ्यांकडे ज्यांनी पाहिलंय त्यांना हे वेगळं सांगायला नको.

बुकिंग करताना आणखी दोन नावं कानावर पडतील. ‘तिरहांदिल’ ही जुनी जात, दोन्ही टोकांना निमुळती. ‘आयना कच’ म्हणजे मागची बाजू आरशासारखी सपाट असलेली. यातला आयना म्हणजे आपलाच आयना! मागचा भाग सपाट असल्याने तिथल्या खोल्या प्रशस्त होतात. पहिल्यांदा जाणाऱ्याने या भेदात फार गुंतू नये.

एक गोष्ट मात्र आधीच सांगतो, म्हणजे नंतर चिडचिड नको. जाहिरातीतल्या फोटोत पांढरी शिडं फुगलेली दिसतात, पण प्रत्यक्षात बहुतेक गुलेती बहुतेक वेळ इंजिनावर चालतात. शिडं गुंडाळलेली असतात. ताशी आठ-नऊ सागरी मैल, म्हणजे 15-16 किलोमीटरच्या वेगाने बोट एका खाडीतून दुसऱ्या खाडीत जाते आणि नांगर टाकते. शिडाचीच हौस असेल तर बुकिंगच्या वेळी स्पष्ट विचारा: शिडं चालू अवस्थेत आहेत का, आणि वारा असेल तर कप्तान ती उघडतो का? बोद्रुमला 1989 पासून दर ऑक्टोबरमध्ये लाकडी बोटींची ‘बोद्रुम कप’ ही शर्यत होते. त्या आठवड्यात हीच जडशीळ बोट शिडावर कशी झुकते ते बघायला मिळतं.

ही सहल मुळात आली कुठून

तुर्कीत या प्रवासाला ‘मावी योल्जुलुक’ म्हणतात, निळा प्रवास. त्याची सुरुवात एका शिक्षेतून झाली. जेवात शाकिर काबाआच्ली (1890–1973) या लेखकाला एका लिखाणाबद्दल 1925 मध्ये बोद्रुमला हद्दपार केलं. तेव्हा बोद्रुम म्हणजे रस्ता धड नसलेलं, आडबाजूचं मच्छीमार गाव. गृहस्थ शिक्षा भोगायला गेले आणि त्या समुद्राच्या प्रेमात पडून तिथलेच झाले. बोद्रुमचं प्राचीन नाव हालिकार्नासोस, म्हणून त्यांनी टोपणनाव घेतलं ‘हालिकार्नासचा मच्छीमार’. पुढे 1940च्या दशकापासून साबाहात्तिन एयुबोलू आणि होमरचा अनुवाद करणाऱ्या आझ्रा एर्हात अशा मित्रमंडळींना घेऊन ते स्पंजवाल्यांच्या साध्या बोटीतून गोकोवाच्या आखातात हिंडू लागले. सोबत चीज, पाव, पाणी आणि राकी, म्हणजे तिथली दारू. खोली नाही, गादी नाही. आज वातानुकूलित खोलीत झोपताना हे आठवलं की शॉवरची धार बारीक असल्याची तक्रार जरा गिळली जाते.

पहिला निर्णय: खोली घ्यायची की अख्खी बोट

दोघं-तिघं असाल तर बोटीवरची एक खोली घ्या. बाकी खोल्यांत अनोळखी लोक असतात, मार्ग आणि दिवस ठरलेले असतात. फेथिये ते ओलिम्पोस ही तीन रात्री-चार दिवसांची सहल या प्रकारात सर्वांत प्रसिद्ध आहे. तरुण मंडळी तिथे गर्दी करतात आणि काही बोटींवर रात्री गाणी जोरात वाजतात. शांतता हवी असेल तर ‘आमच्या बोटीवरचे इतर प्रवासी साधारण कोणत्या वयाचे असतात’ एवढं विचारलं तरी पुरतं.

आठ-दहा जण असाल, दोन-तीन कुटुंबं मिळून जात असाल, तर अख्खी बोट घ्या. माणशी खर्च एकेका खोलीच्या आसपास येतो आणि मार्ग, जेवण, उठायची वेळ सगळं आपल्या हातात राहतं. आठवड्याची बुकिंग बहुधा शनिवार ते शनिवार असते. दुपारी तीन-चारच्या सुमाराला चढायचं, शेवटच्या दिवशी सकाळी दहा-अकरापर्यंत उतरायचं. विमानाची तिकिटं काढण्याआधी हे बघा. शनिवारी पहाटे पोहोचून दिवसभर बॅगा ओढत फिरणारी मराठी कुटुंबं मी पाहिली आहेत. पहिल्या वेळी त्यातलं एक आमचं होतं.

माझं मत विचाराल तर बोटीच्या चकचकाटापेक्षा कप्तान आणि स्वयंपाकी बघा. पंधरा वर्षं जुनी पण नीट राखलेली बोट, त्याच पाण्यात वाढलेला कप्तान आणि हाताला चव असलेला आचारी, एवढं जमलं तर बाकी उणं-दुणं चालतं. म्हणून एजंटला बोट कधी बांधली यापेक्षा दुरुस्ती शेवटची कधी झाली आणि हा कप्तान या बोटीवर किती वर्षं आहे, हे विचारा.

मार्ग निवडताना

पहिल्याच खेपेला, विशेषतः लहान मुलं किंवा आजी-आजोबा सोबत असतील तर गोजेक-फेथियेचा परिसर घ्या. आखातात विखुरलेली बेटं आहेत, पाणी बहुतेक वेळ शांत, आणि एका खाडीतून दुसरीकडे जायला तास-दीड तास. दालामान विमानतळापासून गोजेक गाडीने अर्ध्या तासावर.

फेथियेहून पूर्वेकडे काश आणि केकोवाकडे जाणारा मार्ग जास्त देखणा, पण त्यात उघडा समुद्र आहे. ओल्युदेनिझ ओलांडल्यावर ‘येदी बुरुनलार’, म्हणजे सात भूशिरं, लागतात. तिथे दुपारनंतर बोट चांगली डोलते. शहाणा कप्तान तो टप्पा पहाटेच उरकतो. नांगराची साखळी पाच वाजता खडखडायला लागली तर चडफडू नका, तो तुमच्या पोटाचीच काळजी घेतोय. या मार्गावर फुलपाखरांची दरी लागते, सेंट निकोलसशी जोडलेलं गेमिलेर बेट आणि त्यावरच्या जुन्या चर्चचे अवशेष लागतात, आणि शेवटी केकोवा.

केकोवाला थोडं थांबतो. बेटाच्या कडेने बोट अगदी हळू जाते. पाण्याखाली भूकंपांनी खचलेल्या प्राचीन वस्तीच्या भिंती दिसतात. पायऱ्या खडकातून उतरत येतात आणि सरळ पाण्यात शिरतात. अवशेषांवर पोहायला बंदी आहे. समोरच्या किनाऱ्यावर कालेकोय हे गाव आहे, तिथे मोटार जात नाही, बोटीने किंवा चालतच पोहोचायचं. गावाच्या कडेला उथळ पाण्यात एक लिकियन, म्हणजे या किनाऱ्यावरच्या प्राचीन लोकांची, दगडी शवपेटी उभी आहे. झाकण उलट्या होडीसारखं, खालचा भाग पाण्यात. मुलं तिच्याभोवती छोट्या होडीतून चकरा मारत होती आणि एक आजोबा शेजारीच गळ टाकून बसले होते. दोन हजार वर्षांची वस्तू, पण दारातल्या तुळशीवृंदावनासारखी रोजच्या वापरातली.

बोद्रुमहून निघणारा गोकोवा आखाताचा मार्ग म्हणजे मूळ निळा प्रवास. पाइनची झाडं थेट पाण्यापर्यंत उतरलेली, हॉटेलं तुरळक. इथल्या सेदिर बेटावर बारीक गोल दाण्यांची वाळू आहे. क्लिओपात्रासाठी ती इजिप्तहून आणली, अशी आख्यायिका सांगतात. वाळूवर टॉवेल टाकायला मनाई, आणि बाहेर पडताना अंगाची वाळू धुऊनच निघायचं. निघण्याआधी बोद्रुमच्या किल्ल्यातलं जलपुरातत्त्व संग्रहालय बघून घ्या. काशजवळ उलुबुरुनला 1982 मध्ये एका स्पंज काढणाऱ्या पाणबुड्याला समुद्रतळाशी ‘कान असलेली धातूची बिस्किटं’ दिसली. निघालं काय, तर इसवी सनापूर्वी चौदाव्या शतकातलं जहाज, त्यात सुमारे दहा टन तांबं. त्याचा माल या संग्रहालयात आहे. हे पाहून बोटीवर गेलात की खालच्या पाण्याकडे नजर वेगळी जाते.

तिसरीच शक्यता मार्मारिसची. तिथून पश्चिमेला बोझबुरुन-दाच्चाकडे जाता येतं, किंवा पूर्वेला एकिंजिकला नांगर टाकून छोट्या होडीने दाल्यानच्या नदीत, काउनोस या प्राचीन शहराची कड्यात कोरलेली थडगी बघायला. तिथला इझतुझु किनारा समुद्री कासवांच्या विणीचा आहे. वेळासचं कासव ज्यांनी पाहिलंय त्यांनी हा चुकवू नये, जात वेगळी आहे.

आठवड्यात कितीही मार्ग कागदावर बसत असला तरी मध्ये एक दिवस कुठेही न जाता एकाच खाडीत काढा. आपल्याकडे सहलीचे पैसे ‘वसूल’ करायची खोड असते. गुलेतवर ती सोडावी लागते.

कधी जायचं

हंगाम मे ते ऑक्टोबर. मेच्या सुरुवातीला पाणी गार असतं. जुलै-ऑगस्टमध्ये ऊन तापतं, गर्दी आणि भाव दोन्ही चढतात आणि ‘मेल्तेम’ हा वायव्येचा वारा दुपारनंतर जोर धरतो. सर्वांत सुखाचे महिने जून आणि सप्टेंबर. महाराष्ट्रातल्या शाळांचं गणित धरलं तर मेचा शेवटचा आठवडा ते जूनच्या दहा तारखेपर्यंतचा काळ छान बसतो. दिवाळीची सुट्टी मात्र बेभरवशाची. तोवर बऱ्याच बोटी धक्क्याला लागलेल्या असतात आणि दक्षिणेकडून ‘लोदोस’ वारा आला की समुद्र खवळतो.

कागदपत्रं आणि एक नाजूक विषय

भारतीय पासपोर्टवर व्हिसा लागतो. शेंगेन, अमेरिका, ब्रिटन किंवा आयर्लंड यांपैकी कुणाचा वैध व्हिसा किंवा निवासी परवाना असेल तर तुर्कस्तानचा ई-व्हिसा सरकारी संकेतस्थळावरून मिळतो. नसेल तर नेहमीचा, पासपोर्टवर चिकटवायचा व्हिसा. त्याला वेळ लागतो, म्हणून आधी व्हिसा आणि मगच बोटीची मोठी रक्कम. नियम बदलत असतात, अर्ज करायच्या आठवड्यात पुन्हा तपासा.

इथे एक खड्डा आहे. बोद्रुमसमोर कोस, काशसमोर मेइस अशी ग्रीक बेटं अगदी हाकेच्या अंतरावर दिसतात आणि एजंट सहज म्हणतो, ‘एक दिवस तिकडेही जाऊ.’ ते ग्रीस आहे. शेंगेन व्हिसा तर लागेलच, शिवाय तुमचा तुर्की व्हिसा एकदाच प्रवेशाचा असेल तर परत येताना तुम्ही अडकाल. पहिल्या खेपेला लांबूनच नमस्कार करा.

नाजूक विषय म्हणजे 2025चा मे महिना. भारत-पाकिस्तान संघर्षात तुर्कस्तानने घेतलेल्या बाजूमुळे आपल्याकडे बहिष्काराची लाट आली. पुण्याच्या व्यापाऱ्यांनी तुर्की सफरचंदं घेणं थांबवलं, अनेकांनी सहली रद्द केल्या. जायचं की नाही हे ज्याने त्याने ठरवावं, मी इथे वकिली करणार नाही. व्यवहाराची गोष्ट एवढीच, की करारात रद्द करण्याचं कलम नीट वाचा आणि थेट विमानं त्या वेळी कशी चालू आहेत ते बघून मगच पैसे भरा.

पैसे भरण्याआधी लेखी काय घ्यायचं

भाव बहुतेक युरोत सांगतात. त्या आकड्यात काय आहे आणि काय नाही, यावरच सगळे वाद होतात. इंजिन दिवसाला किती तास चालणार (साधारण चार तास धरतात), जनरेटर आणि एसी किती तास, बंदराची फी कुणी भरायची, विमानतळावरून न्यायला गाडी आहे का, जेवण तिन्ही वेळचं की दोनच, पेयं वेगळी का, आणि स्वतःच्या बाटल्या-शीतपेयं आणली तर चालतील का. महागड्या बोटींवर वेगळी पद्धत असते: भाड्याच्या वर सुमारे पाव ते एक तृतीयांश रक्कम आगाऊ कप्तानाकडे द्यायची, त्यातून तो डिझेल, अन्न, बंदराचा खर्च चालवतो आणि शेवटी हिशेब देतो.

एजंटकडे तुर्सब या तिथल्या प्रवासी संस्थांच्या संघटनेचा परवाना क्रमांक मागा. प्रामाणिक माणूस तो लगेच देतो. आणि ज्या बोटीचे फोटो दाखवले तीच मिळणार, असं बोटीच्या नावासकट लिहून घ्या. आमच्या पहिल्या सहलीच्या करारात बारीक अक्षरात ‘किंवा त्याच दर्जाची बोट’ असं होतं. आदल्या संध्याकाळी निरोप आला, बोट बदलली. दर्जा तोच होता म्हणे, फक्त एक खोली इंजिनाला चिकटून होती. त्या खोलीत कोण झोपणार यावर दोन साडूंमध्ये जे झालं ते इथे लिहीत नाही.

सामान

कडक सुटकेस आणू नका. खोलीत ती ठेवायला जागाच नसते, मग आठवडाभर ती पलंगावर आणि तुम्ही कडेला. कापडी, घडी होणारी बॅग आणा. दोरी असलेली टोपी (बिनदोरीची पहिल्याच दिवशी समुद्रार्पण होते), सनस्क्रीन, पाण्यात घालायचे रबरी बूट, कारण खडकांना काळे काटेरी गोळे चिकटलेले असतात आणि त्यांचा काटा पायात मोडला की दोन दिवस सण साजरा होतो. एक पातळ शाल किंवा सोलापुरी चादर. रात्री बहुतेक जण खाली खोलीत न झोपता डेकवरच्या गादीवर झोपतात आणि पहाटे इतकं दव पडतं की उशी ओली होते. आपले दोन पिनांचे चार्जर तिथे चालतात. आणि हो, प्लास्टिकचा एक छोटा मग. का ते कळलं असेलच.

बोटीवरचे नियम, जे कुणी आधी सांगत नाही

पासपोर्ट कप्तान घेतो, घाबरू नका. प्रवाशांची नावं बंदरावर नोंदवावी लागतात. त्याला ‘कप्तान’ म्हटलं तरी चालतं, तीच तुर्की हाक आहे. स्वयंपाकी ‘आश्चं’, खलाशी ‘गेमिजी’.

शौचकूपात कागद टाकायचा नाही, शेजारच्या डब्यात टाकायचा. नळी अरुंद असते. ती तुंबली की ती काढायला येणारा पोरगा तोच असतो जो तुम्हाला चहा देतो. पाणी टाकीतलं, म्हणून अंग भिजवा, नळ बंद, साबण, मग पुन्हा नळ. (साबणाला तुर्कीतही ‘साबुन’च म्हणतात.) मुला (Muğla) या प्रांताच्या किनाऱ्यावर बोटींचं सांडपाणी किनाऱ्यावरच उपसून घेतलं जातं आणि ‘मावी कार्त’ या निळ्या कार्डावर त्याची नोंद होते. त्यामुळे तुमची तासभराची अंघोळ कप्तानाला खरोखरच महागात पडते. जनरेटर रात्री बंद होतो, एसीही. फोन संध्याकाळीच चार्ज करा.

नांगर टाकताना सगळे एका जागी बसा. आपल्याला वाटतं मदत करावी, पण आपण फक्त मध्ये येतो. तो खेळ बसून बघण्यासारखा आहे. कप्तान बोट उलटी किनाऱ्याकडे घेतो, पुढून नांगर सोडतो. गेमिजी कमरेला दोरी लावून पाण्यात उडी मारतो, खडकापर्यंत पोहतो, लोखंडी कडीला दोन वेढे मारतो आणि हात वर करतो. कप्तान तेवढ्यावर ओळखतो. दोरी ताणली जाते, तिच्यातून पाण्याचे थेंब एका रेषेत गळतात आणि बोट थबकते. मग इंजिन बंद. त्यानंतर जी शांतता पसरते, तिच्यात रातकिडे ऐकू येतात, भर दुपारी.

जेवणाचं

शाकाहारी असाल तर काळजी कमी करा, पण आधी लेखी कळवा. किनाऱ्यावरच्या स्वयंपाकात ऑलिव्ह तेलात शिजवून गार वाढायच्या भाज्यांची एक अख्खी शाखाच आहे: फरसबी, राजम्यासारखा बार्बुन्या, आणि ‘इमाम बायल्दं’ नावाचं भरलं वांगं. नावाचा अर्थ ‘इमाम बेशुद्ध पडला’, चवीने की तेलाच्या खर्चाने, यावर तिथेही एकमत नाही. ‘जाजक’ म्हणजे जवळजवळ आपली काकडीची कोशिंबीर. न्याहारीला चीज, ऑलिव्ह, टोमॅटो, मध, आणि ‘मेनेमेन’ ही टोमॅटो-मिरचीची अंडाभुर्जी. चहा दिवसभर, बिनदुधाचा. दुधाच्या चहाशिवाय डोकं धरणाऱ्यांनी पाकिटं न्यावीत, माझी आई नेते.

सापळा सूप आणि भातात आहे. मसूर डाळीचं सूप निष्पाप दिसतं, पण मटणाच्या किंवा कोंबडीच्या पाण्यात केलेलं असू शकतं. ‘एत योक’ (मांस नाही) एवढं पुरत नाही, ‘तावुक सुयु योक’ (कोंबडीचं पाणी नाही) हेही सांगा. कांदा-लसूण न खाणाऱ्यांनी ‘सोआनसझ, सारम्साकसझ’ असं कागदावर लिहून पहिल्याच दिवशी आश्चंच्या हाती द्यावं, तोंडी सांगून ते टिकत नाही. काही खाड्यांत गावातल्या बायका छोट्या होडीत तवा घेऊन येतात आणि ‘गोझलेमे’ लाटून देतात: पातळ पोळी, आत पालक-चीज किंवा बटाटा. बोटीच्या कठड्यावरून पैसे खाली द्यायचे, गरम पोळी वर घ्यायची. आमच्या मावशीने त्या बाईचं लाटणं बघून तिच्याशी खुणांनीच अर्धा तास गप्पा मारल्या. लाटणं काठीसारखं बारीक आणि हातभर लांब होतं.

सोबत शेंगदाण्याची चटणी नेली तर आश्चंलाही चाखायला द्या. स्वयंपाकघरात मात्र न विचारता घुसू नका. ती जागा आपल्या देवघराएवढी आणि त्याचा राग त्याहून मोठा.

पाण्यात

आपल्यातल्या अनेकांना पोहता येत नाही, किंवा तलावातलंच येतं. खारट पाण्यात अंग सहज तरंगतं, पण खोली एकदम वाढते, शिडीखाली वीस-तीस फूट असू शकतं. लाजू नका, लाइफ जॅकेट घालून शिडी धरून उतरा. आठवडाभरात तुम्ही शिडी सोडाल. इंजिन चालू असताना कुणीही पाण्यात नाही, आणि पाण्यात उतरण्याआधी कुणाला तरी सांगायचं, हे दोन नियम मुलांकडून वदवून घ्या. राकी पोटात गेल्यावर पोहणं नाही. ती पाणी घातल्यावर दुधासारखी पांढरी होते, दिसते निरागस, असते 45 टक्क्यांची.

बोट लागणाऱ्यांनी गोळी निघण्याआधी अर्धा-एक तास घ्यावी, उलटी आल्यावर नव्हे. बोटीच्या मध्यावर बसा, क्षितिजाकडे बघा, फोन खिशात.

पाण्याखाली किंवा किनाऱ्यावर खापराचा तुकडा, जुनं नाणं दिसलं तर बघा आणि तिथेच ठेवा. तुर्कस्तानात 1983च्या 2863 क्रमांकाच्या कायद्याने अशा वस्तू बाळगणं आणि देशाबाहेर नेणं गुन्हा आहे आणि विमानतळावर ‘माहीत नव्हतं’ चालत नाही. मुलांचे खिसे तपासून घ्या, खरंच सांगतो.

उतरताना

आदल्या रात्री ‘हेसाप’ मागा. म्हणजे आपला हिशेबच. पेयांची नोंद खोलीवार वहीत असते, ती आपल्या आठवणीशी ताडून बघा. बक्षिसालाही तिथे ‘बहशिश’ म्हणतात, त्यामुळे समजावून सांगायची वेळ येत नाही. भाड्याच्या पाच ते दहा टक्के रक्कम रोख, पाकिटात घालून कप्तानाच्या हाती द्या, तो सगळ्यांत वाटतो. एखाद्या पोऱ्याने तुमच्या आईला दर वेळी हात धरून होडीत चढवलं असेल तर त्याला वेगळे थोडे, बाजूला नेऊन.

शेवटच्या सकाळी न्याहारीआधी एकदा पाण्यात उतरून घ्या, नंतर कपडे वाळायला वेळ नसतो. टोपलीतून आपल्याच चपला घ्या. पुढचे एक-दोन दिवस जमीन हलल्यासारखी वाटेल. इस्तंबूलच्या हॉटेलात तोंडाला साबण लावून डोळे मिटाल तेव्हा ते जास्त जाणवेल. म्हणून एक हात भिंतीला ठेवा.